जीपमधला फॉल्स फ्लोअर पावसाळ्यात अडकतो, थंडीत वाजतो: तपासायला सुरुवात कुठून करायची

लक्षणं आधी सांगतो, कारण दुकानात येणारा प्रत्येक जण एवढंच सांगतो: “फळी बिघडली वो.” फळी म्हणजे जीपच्या मागच्या भागात, मूळ पत्र्याच्या फरशीवर चार-सहा इंच उंच बसवलेला, काढता-घालता येणारा प्लायचा फॉल्स फ्लोअर. वर बॅगा, अंथरूण, कुत्रं. खाली टोचन करायचा पट्टा, हवेचा पंप, हत्यारं, तंबूच्या काठ्या. ती बिघडली म्हणजे यांपैकी काहीतरी झालेलं असतं:

– मिरग पडून पंधरा-वीस दिवस झाले की फळीतलं झाकण उघडत नाही, किंवा उघडलं तर परत बसत नाही.
– संक्रांतीच्या सुमारास तेच झाकण गतिरोधकावर खडखडतं.
– मधोमध झोल आलाय. पाणी सांडलं की तिथेच साचतं.
– जोरात ब्रेक मारला की सगळी फळी बोटभर पुढे सरकते.
– मागचं दार उघडलं की कुबट वास येतो, प्लायच्या कडा फुगल्यात, खाली पत्र्यावर तांबूस डाग.
– बोल्ट दर महिन्याला आवळावे लागतात.

सातवं लक्षण यादीत घालत नाही, कारण ते माझ्या कामाचं नाही. फळीखालून पेट्रोल-डिझेलचा वास आला तर पुढचं काही वाचू नका. गाडी उघड्यावर लावा आणि मेकॅनिकला बोलवा.

बेळगावच्या शहापुरात माझं सुतारकामाचं दुकान आहे. पलंग, कपाटं, देव्हारे ही रोजची कामं. एका मावसभावाच्या जिप्सीत हौसेनं फळी करून दिली, त्याची गाडी बघून दुसरा आला, आणि आता थार, बोलेरो, कधीमधी निपाणी-चिकोडीकडची केए-२३ पाटीची गाडीही दारात उभी असते. फळ्या केल्या त्याच्या दुप्पट तरी दुरुस्त केल्या असतील. काही दुसऱ्यांनी केलेल्या, काही माझ्याच.

पहिली दोन लक्षणं वेगवेगळी वाटतात, पण मूळ बहुतेक वेळा एकच असतं. जुलैत झाकण अडकलं म्हणून कोणीतरी कडेला रंधा मारतं. जानेवारीत प्लाय वाळतो, मारलेला रंधा उरतो, आणि झाकण वाजायला लागतं. मग कोणी त्या फटीत फोमची पट्टी चिकटवतो. पुढच्या आषाढात ती पट्टी पाणी पिऊन बसते आणि झाकण पुन्हा अडकतं. दरवर्षी हेच चक्र. म्हणून ओल्या दिवसांत रंधा हातात घ्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट मी हट्टानं सांगतो. बाकी सगळं त्यानंतर.

फुकटची तपासणी: फळी काढा आणि गाडी चालवा

काढता येणारी फळी केली कशासाठी? काढून ठेवण्यासाठी. तरीही आवाजाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती एकदा काढून गाडी फिरवलेली असते. सगळी फळी, खालच्या पाइपांच्या चौकटीसकट, घरात ठेवा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटावरून एक चक्कर मारा, मग थोडा खराब रस्ता बघा. आवाज तसाच असेल तर तो फळीचा नाही. मागच्या दाराची कडी, स्टेपनीचा नट, जॅकचा दांडा, मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, शॅकलबुश हे नेहमीचे चोर. पाट्यांचे बुश गेले की “टक” असा एकच बंद आवाज खालून येतो. फळी वाजते ती “खडखड” अशी, दोन-तीनदा.

एका गिऱ्हाइकानं माझ्याकडून दोनदा रबर बदलून घेतलं होतं. तिसऱ्यांदा मी फळीच ठेवून घेतली आणि म्हटलं, “दोन दिवस अशीच चालवा की.” दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज स्टेपनीचा निघाला.

इथेच दुसरी गोष्ट कळते. फळी काढायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ आणि एकापेक्षा जास्त पाना लागला, तर ती नावालाच काढती आहे. अशी फळी कोणी काढत नाही, आणि जी काढली जात नाही तिच्याखाली काय कुजतंय ते दिसत नाही.

तीही फुकटच: पोटातलं सामान

फळी परत बसवा, पण खाली काही ठेवू नका. पुन्हा चक्कर. आवाज गेला? मग सामानच वाजत होतं. पान्यांचा संच गोणपाटात गुंडाळा, टोचनाच्या पट्ट्याचे शॅकल (लोखंडी कड्या) वेगवेगळ्या जुन्या मोज्यांत घाला. मोज्यांवर लोक हसतात, पण त्यांच्याइतका स्वस्त डबा मला अजून सापडलेला नाही.

सामान बाहेर आहेच, तर हेही बघून घ्या. जांबोटीकडचे काजूचे बागायतदार आहेत एक. कणकुंबीच्या पुढे, चोर्ल्याकडे उतरताना, भर पावसात त्यांचं मागचं चाक बसलं. जॅक फळीखाली, झाकण फुगून घट्ट. अर्धा तास झटापट करून शेवटी चाकाच्या पान्यानं कड उचकटली. दुसऱ्या दिवशी ती फळी त्यांनी माझ्या बाकावर आणून ठेवली. कड चिरोट्यासारखी उलगडलेली, पापुद्रा न् पापुद्रा मोजता येत होता, आणि मधल्या थराला बोट लावलं तर लाल चिखल आणि ओला भुसा एकत्र हाताला लागला. ते काही बोलले नाहीत. फळी मीच केलेली होती, आणि कडांना रंगाचा एकच हात मारला होता.

तेव्हापासून जॅक, चाकपाना, धोक्याचा त्रिकोण आणि औषधांचा डबा झाकणाखाली ठेवू देत नाही. सीटमागे बांधा, दाराच्या कप्प्यात घाला, कुठेही, पण अडकू शकणाऱ्या झाकणाखाली नको.

चार जुनी एटीएम कार्डं

एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर असते. चार एकावर एक धरली की तीन मिलिमीटर. हा माझा फटमाप. झाकण बंद करून चारी बाजूंनी ही थप्पी फिरवा. उन्हाळ्यात ती सगळीकडे सैल गेली पाहिजे. पावसाळ्यात निदान दोन कार्डं तरी.

जाते कुठे ही फट? प्लाय लांबी-रुंदीत फारसा वाढत नाही. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे तीन फुटांच्या झाकणात फार तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. वाढते ती जाडी, आणि तीही कडेला, जिथून पाणी शिरतं. शिवाय कडेला ठोकलेली सागवानाची किंवा साध्या लाकडाची पट्टी आडवी फुगते. आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे कार्पेट. झाकणावरून खाली वळवून चिकटवलेलं कार्पेट दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर खातं, पाणी धरतं आणि प्लायच्या कडेला ओलं फडकं बांधल्यासारखं काम करतं. कार्पेट कडेपर्यंतच ठेवा, खाली वळवू नका. बरीच अडकलेली झाकणं नुसत्या कटरनं मोकळी झालेली मी पाहिलीत.

कार्डं एकाच कोपऱ्यात अडत असतील तर शिंप्याच्या खडूनं झाकणाची कड रंगवा, बंद करा, उघडा. चौकटीवर खडू जिथे उमटला तिथेच घासतंय. एकाच कोपऱ्यात घासत असेल तर लाकूड फुगलेलं नाही, चौकट वाकडी आहे. ते पुढे येतंय.

आणि हो, रंधा नको. झाकण काढून घरात पंख्याखाली आठवडाभर उभं ठेवा. भिंतीला टेकवून नाही, खाली-वर दोन पट्ट्या देऊन, दोन्ही बाजूंना वारा लागेल असं. कडक उन्हात एकच बाजू तापली तर झाकण पापडासारखं वळतं.

पाणी येतंय कुठून

याला फक्त पाण्याची नळी, बॅटरी आणि शेजारचा एखादा पोरगा लागतो. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस असा आडवा लागतो की साध्या पावसात कोरडी राहणारी गाडीही तिथे गळते. फळी काढा, पत्र्यावर कालचा पेपर पसरा, पोरग्याला बॅटरी घेऊन आत बसवा, दारं लावा. नळी आधी खालून सोडा: चाकाच्या कमानी, बंपरची रेघ. मग टेललॅम्प. मग मागच्या दाराचं रबर. सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळतं आणि सगळीकडूनच गळल्यासारखं दिसतं. पेपर आधी कुठे काळा पडतो तिथे बघा.

माझ्या अनुभवात टेललॅम्पमागचं पॅकिंग आणि दाराच्या रबराचा खालचा कोपरा ही दोन ठिकाणं पहिली. पत्र्याच्या फरशीत रबरी बुचं असतात, तीही बघा. एखादं निघून गेलेलं असेल तर ओढा ओलांडताना पाणी खालून वर येतं. बूच नवीन बसवा, भोक सिलिकॉननं बुजवू नका. आत आलेलं पाणी बाहेर काढायची वाटही तीच असते.

ही तपासणी महत्त्वाची, कारण नुसती उघडी फरशी ओली झाली तर दोन दिवसांत वाळते. फळीखालची वाळत नाही. वर प्लायचं छप्पर, खाली पत्र्याच्या पन्हळीत साचलेलं पाणी, वारा नाही. फळी दोन वर्षांनी बदलता येईल, फरशीचा पत्रा बदलणं म्हणजे वेगळंच दुखणं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गंजावर टोचून बघा. पापुद्रा निघून खाली चकचकीत पत्रा लागला तर घासून प्रायमर मारा. टोक आरपार गेलं तर थांबा. ते डेंटरचं काम आहे, सुताराचं नाही.

प्लाय आणि त्याच्या कडा

आता थोडा खर्च. प्लायच्या तळाला शिक्का असतो, तो वाचा. आयएस ३०३ आणि शेजारी एमआर असेल तर तो दमटपणा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. कपाटाला चालतो, जीपला नाही. त्याच मानकातला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, बरा. आयएस ७१० म्हणजे मरीन. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. शिक्क्यावर विश्वास नसेल तर कापलेला एक तुकडा घरच्या जुन्या पातेल्यात तीन-चार तास उकळा आणि चाकूचं टोक थरात घालून बघा. बायको ओरडेल, पण शेवटी खरं काय ते कळतं.

नाण्यानं टकटक करत कडेकडेनं जा. भरीव आवाज बदलून पोकळ झाला की तिथे थर सुटलेत. वीतभर लांबीत सुटले असतील तर पूर्ण वाळवून, पातळ इपॉक्सी आत ओढवून, दोन पाटांत सी-क्लॅम्पनं दाबून जोडता येतात. त्याहून जास्त असेल तर पैसे वाया घालवू नका, नवा तुकडा कापा.

नवा कापला तर पृष्ठभागापेक्षा कडांकडे लक्ष द्या. सपाट बाजूला दोन हात, कडांना चार. पहिला हात पातळ करून, कारण कड तो शोषून घेते. आणि रंग झाल्यावर पाडलेलं प्रत्येक भोक ही नवी कड असते. कडीसाठी, बिजागरीसाठी भोकं आधी पाडा, आत रंग मुरवा, मग स्क्रू बसवा. मी आधी रंगवून मग भोकं पाडायचो, आणि बिजागरीभोवती काळं वर्तुळ का पडतं याचं मला नवल वाटायचं! प्लायच्या कडेत स्क्रू तर मारूच नका. थर फाकतात. आरपार बोल्ट, खाली टी-नट, वर मोठा वॉशर.

मधला झोल हा बहुतेक वेळा आधाराचा प्रश्न असतो. १२ मिलिमीटरच्या प्लायला दर ४० सेंटिमीटरला खाली आडवा पाईप हवा. तो नसेल तर १८ मिलिमीटर घेण्यापेक्षा एक पाईप वाढवा. आठ बाय चारचा १२ मिलिमीटरचा पूर्ण ताव साधारण २५ किलो भरतो, १८ चा ३५ च्या पुढे. पंचवीस बाय पंचवीसचा पातळ चौकोनी पाईप मात्र मीटरला किलो-सव्वा किलोच. उगाच वजन वाढवलं की पाटे बसतात आणि ज्या आवाजासाठी आलात तो दुसरीकडून सुरू होतो.

बोल्ट आणि रबर

दर महिन्याला बोल्ट ढिले होतात, या तक्रारीला नेलपॉलिश. बोल्ट आवळा आणि नटावरून चौकटीपर्यंत एक सरळ रेघ ओढा. महिन्यानं बघा. रेघ तुटली असेल तर नट फिरतोय: नायलॉनचा नट घाला, आणि तो आधी चार वेळा काढून-घालून झाला असेल तर नवा घाला. रेघ जशीच्या तशी आणि तरी बोल्ट ढिला, तर नट फिरलेला नाही, खालचं काहीतरी दबलंय. सहसा रबर, किंवा वॉशरखाली चेपलेला प्लाय. अशा वेळी आणखी आवळून उपयोग नाही, वॉशर मोठा करा. ८.८ ग्रेडच्या एम-८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरे. लांब पाइप लावून आवळणाऱ्यांनी मूळ गाडीच्या नटाचे आटे घालवलेले मी पाहिलेत, आणि तो नट बॉडीच्या आत वेल्ड केलेला असतो.

आता जरा विचित्र वाटणारी तपासणी. सपाट जागी झाकण उघडून-मिटून बघा. मग गाडीचं मागचं एकच चाक रस्त्याकडेच्या उंचवट्यावर चढवा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, आणि पुन्हा तेच करा. सपाटीवर सुटणारं झाकण इथे अडकलं तर दोष लाकडात नाही, बांधणीत आहे. या गाड्यांची बॉडी शिडीसारख्या चॅसीवर रबरी बैठकांवर बसलेली असते आणि खराब रस्त्यावर थोडी पिळते. तिच्यात तुम्ही सहा ठिकाणी घट्ट आवळलेली ताठ चौकट ठेवली की पीळ चौकटीत उतरतो. मग एक तर ती वाजते, नाहीतर वेल्ड तडकतो. चार टेकू, प्रत्येकाखाली ट्रकच्या ट्यूबचा दुहेरी तुकडा, आणि मधले जादा बोल्ट काढून टाका. लाकूड सैल, बोल्ट घट्ट, मध्ये रबर.

फळी ब्रेकला सरकत असेल तर मात्र तिला नुसतं रबर पुरणार नाही. हिशोब बघा: ताशी ५० किलोमीटरची गाडी धडकून साठ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण सोळा पट जोर येतो. वीस किलोची हत्यारपेटी सव्वातीनशे किलोंसारखी पुढच्या सीटवर येते. चौकट गाडीच्या मूळ बोल्टांना धरलेली हवी: मागच्या बाकड्यांचे बोल्ट, किंवा सामान बांधायच्या कड्या. टॉवर बोल्ट आणि वेल्क्रोच्या भरवशावर राहू नका.

चौकट

शेवटचं आणि सगळ्यात कटकटीचं. चौकट बाहेर काढून फरशीवर ठेवा, दोन्ही कर्ण टेपनं मोजा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. प्रत्येक वेल्ड ब्रशनं साफ करून बघा. तडा पडलेल्या ठिकाणी गंजाची केसासारखी रेघ दिसते. उद्यमबागेत कोणताही फॅब्रिकेटर हे काम करून देईल, पण चौकट त्याच्याकडे न्या, गाडी नव्हे. गाडीत बसवलेल्या चौकटीला वेल्डिंग मी कोणालाही करू देत नाही. खाली इंधनाची नळी, बाजूला वायरिंग, मागे फोम आणि कार्पेट. “पाच मिनिटांचं काम आहे, अण्णा” असं म्हणणारा वेल्डर भेटतोच. त्याला चहा पाजा आणि चौकट बाहेर काढा.

इथे थांबा

फरशीत नवं भोक पाडायची वेळ आली तर थांबा. आधी गाडी रॅम्पवर चढवून खाली काय आहे ते मेकॅनिकला बघू द्या. टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग कुठून गेलंय ते वरून कळत नाही. सीटबेल्टच्या बोल्टाखाली पट्टी अडकवून चौकट धरायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. तो बोल्ट माणसासाठी आहे. फळीखाली सोललेली वायर दिसली तर टेप गुंडाळून झाकण लावू नका, बॅटरीची तार सोडवा आणि इलेक्ट्रिशियनकडे जा.

आणि मागची बाकडी कायमची काढून तिथे फळी करायची असेल तर माझ्याकडे येण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि बसायची क्षमता आरसीवर लिहिलेली असते. बाकडी जागच्या जागी ठेवून, त्यांच्या मधल्या जागेत बसेल अशी फळी मी करतो. सामान थोडं कमी मावतं.

रंध्याचं काय, असं विचाराल तर खंडेनवमीला. त्या दिवशी गाडी धुवायला काढताच. फळी बाहेर घ्या, सावलीत वाळवा, दिवाळी झाली की चार कार्डं घेऊन पुन्हा फिरवा. तेव्हाही अडली, तर घेऊन या. मग मारू रंधा.